बॉयलर का फुटतो, ते फोडून पाहणारी संस्था

प्रश्न असा आहे: "मेकॅनिकल डिप्लोमाच्या सेमिनारसाठी मला 'एकोणिसाव्या शतकातल्या वैज्ञानिक व तांत्रिक संस्थांचं कार्य' हा विषय मिळाला आहे. वाचायला मिळतं त्यात व्याख्यानं, पदकं आणि वार्षिक सभा एवढंच दिसतं. या संस्था प्रत्यक्षात काय करत होत्या? आणि आज शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध उरला आहे का?"

उत्तर जरा लांबेल. मी साखर कारखान्यांच्या बॉयलर हाउसमध्ये चौतीस हंगाम काढले. सुरुवात फायरमनच्या, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणाऱ्याच्या, हाताखाली केली, पुढे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा दिली. त्यामुळे सगळ्या संस्थांचा आढावा घेण्यापेक्षा, जिच्या कामाशी माझा रोजचा संबंध आला त्या एकाच संस्थेबद्दल सांगतो. ती म्हणजे अमेरिकेत फिलाडेल्फियाची फ्रँकलिन इन्स्टिट्यूट. तुम्हीही सेमिनारमध्ये दहा संस्थांची नावं वाचून दाखवू नका. एक संस्था घ्या आणि तिचं एखादं काम शेवटपर्यंत सांगा.

संस्था सुरू झाली फेब्रुवारी 1824 मध्ये. सॅम्युअल मेरिक नावाचा विशीतला तरुण होता, आग विझवायचे बंब बनवायचा कारखाना त्याच्या हाती आला होता. कारागिरांच्या एका संघटनेत तो सभासद व्हायला गेला तर त्याला घेतलं नाही. त्याने रसायन आणि खनिजशास्त्राचा प्राध्यापक विल्यम कीटिंग याला सोबत घेतलं आणि नवी संस्थाच काढली. तिच्यात लोहार-सुतारापासून गिरणीमालक आणि प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना जागा होती. माझ्या मते ही साधी गोष्ट पुढच्या सगळ्या कामाचं मूळ आहे. प्राध्यापकाला उष्णतेचे नियम ठाऊक असतात, पण बॉयलरचा कॉक, म्हणजे छोटा नळ, उघडल्यावर काय आवाज येतो ते ठाऊक नसतं. कारागिराला आवाज कळतो, पण तो कागदावर मांडायची त्याला सवय नसते. या संस्थेने दोघांना एका टेबलाशी बसवलं.

नेहमीची कामं होतीच. संध्याकाळची व्याख्यानं, कारागिरांसाठी ड्रॉइंगचे वर्ग, त्याच वर्षी कार्पेंटर्स हॉलमध्ये भरवलेलं देशी मालाचं प्रदर्शन, उत्तम मालाला पदकं. पदकंसुद्धा विचार करून जाहीर केलेली असत. पेनसिल्व्हेनियात अँथ्रासाइट कोळसा उदंड होता, पण त्यावर लोखंड गाळायचं कुणाला जमत नव्हतं. म्हणून तसं लोखंड करून दाखवणाऱ्याला 1825 मध्ये सुवर्णपदक जाहीर केलं. 1826 पासून संस्थेचं मासिक निघू लागलं आणि त्यात पेटंटांची माहिती छापून येऊ लागली, म्हणजे दुसऱ्या गावातल्या कारागिराला कुठे काय नवं निघालं ते घरबसल्या कळायला लागलं. पाणचक्क्यांवरही मोठी प्रयोगमाला झाली. पाणी वरून सोडलं, मधून सोडलं, खालून सोडलं तर किती काम मिळतं, हे त्यांनी खऱ्या आकाराचं चाक उभारून मोजलं. हवामानाच्या निरीक्षणांसाठी जेम्स एस्पी यांच्या पुढाकाराने दुसऱ्या एका संस्थेबरोबर संयुक्त समितीही नेमली होती.

पण मला सांगायचंय ते बॉयलरचं.

त्या काळात अमेरिकेतल्या नद्यांवर वाफेच्या बोटी धावत होत्या आणि त्यांचे बॉयलर फुटत होते. फेब्रुवारी 1830 मध्ये मेम्फिसजवळ 'हेलन मॅकग्रेगर' नावाच्या बोटीचा बॉयलर फुटला, पन्नासच्या आसपास माणसं गेली. कारण काय, यावर एकमत नव्हतं. कुणी म्हणे, तापलेल्या लोखंडावर पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन तयार होतो आणि तो पेट घेतो. जेकब पर्किन्स हा त्या काळचा नावाजलेला यंत्रज्ञ. त्याचं म्हणणं असं की पाणी कमी झालं की वरची वाफ नको इतकी तापते, मग त्यात पाणी उसळलं की एका क्षणात त्याची वाफ होऊन स्फोट होतो. कुणी म्हणे, दाब हळूहळू वाढला तर पत्रा फक्त फाटेल आणि वाफ निघून जाईल, एवढा मोठा स्फोट व्हायला काहीतरी अचानक घडायलाच हवं. प्रत्येकाकडे आपापलं पटणारं कारण होतं, आणि पटणारं कारण हाती असलं की माणूस तपासत नाही. हे मी आजच्या कारखान्यांतही पाहिलंय. ट्यूब फुटली की दहा मिनिटांत दहा कारणं तयार असतात.

संस्थेने त्याच वर्षी समिती नेमली. प्रयोगांची धुरा ज्याच्यावर आली तो अलेक्झांडर डलास बाश तेव्हा चोविशीचा होता. तो बेंजामिन फ्रँकलिनचा पणतू आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक. समितीने आधी एक प्रश्नावली छापून बोटमालकांना आणि इंजिनवाल्यांना पाठवली: तुमच्या माहितीत कुठे स्फोट झाला, त्या वेळी बोट चालू होती की थांबलेली, पाणी किती होतं, पत्रा कुठून फाटला. उपकरणांच्या खर्चाला अमेरिकेच्या कोषागार खात्याने पैसे दिले. तांत्रिक संशोधनाला त्या सरकारने दिलेली ही पहिली मदत मानतात.

मग त्यांनी एक छोटा बॉयलर बनवला. व्यास सुमारे एक फूट, लांबी तीन फुटांहून थोडी कमी, आणि दोन्ही टोकांना जाड काचेच्या खिडक्या. वाफ धरलेल्या बॉयलरच्या आत डोळ्यांनी पाहायचं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आपण जन्मभर बॉयलरच्या बाहेर उभे राहून आत काय चाललं असेल याचा अंदाज करतो. त्या लोकांनी खिडकी लावली.

त्या खिडकीतून त्यांना काय दिसलं, ते नीट लक्षात घ्या. त्या वेळी पाण्याची पातळी कळायला बॉयलरला वेगवेगळ्या उंचीवर कॉक असायचे. कॉक उघडला आणि पाणी आलं की पातळी त्याच्या वर, वाफ आली की खाली, असा सरळ हिशेब. समितीने पाहिलं की वाफेला बाहेर पडायची वाट मिळाली की तिथला दाब उतरतो, आतलं पाणी फेसाळून वर चढतं, आणि पातळी कॉकच्या खाली असूनही कॉकमधून पाणी येतं. म्हणजे फायरमन बिचारा प्रामाणिकपणे पाणी तपासायचा, कॉक त्याला पाणी आहे म्हणून सांगायचा आणि आतला पत्रा उघडा पडून तापत असायचा. किती फायरमनांवर निष्काळजीपणाचा ठपका बसला असेल, देव जाणे.

इथे माझा एक अनुभव सांगतो. नोकरीचे पहिले काही हंगाम होते. रात्रपाळी, कारखाना पूर्ण गाळपावर. गेज ग्लासमध्ये, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, पाणी अर्ध्यावर, अगदी स्थिर. मला तर बरंच वाटत होतं. आमचे हेड फायरमन होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी येता-जाता एक नजर टाकली आणि म्हणाले, "चालू बॉयलरचं पाणी असं गप बसत नसतंय." ग्लास ब्लो केली, म्हणजे कॉक उघडून वाफ-पाण्याच्या झोताने साफ केली, तर खालच्या कॉकची वाट क्षाराने बुजलेली. दिसत होतं ते अडकून राहिलेलं पाणी. दुसऱ्या बाजूच्या ग्लासमध्ये पाणी तळाला गेलेलं होतं, तिकडे तासभर कुणी पाहिलंच नव्हतं. माझा हात बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाकडे गेला. अण्णांनी मनगट धरलं. "पाणी न्हाई. आदी आग." बगॅस, म्हणजे जळणाचा उसाचा चोथा, बंद केला, पंखे बंद केले आणि बॉयलर सावकाश गार होऊ दिला. गाळप काही तास थांबलं, आमच्यावर आरडाओरडा झाला, पण सगळे जागेवर होते.

अण्णा चौथी शिकलेले. त्यांना फिलाडेल्फिया माहीत असायचं कारण नव्हतं. पण त्यांनी माझा हात ज्या कारणासाठी धरला ते कारण त्या समितीने प्रयोगाने वेगळं काढून ठेवलं होतं. पर्किन्सचं म्हणणं तपासायला त्यांनी अति तापलेल्या वाफेत पाणी सोडलं, तर दाब वाढण्याऐवजी उतरला, कारण पाण्याने वाफ गार केली. मात्र लाल झालेल्या पत्र्यावर पाणी सोडलं तेव्हा दाब झपाट्याने चढला. म्हणजे धोका त्या तापलेल्या पत्र्यात होता. वाफ आणि पत्रा हे दोन मुद्दे तोवर एकात मिसळलेले होते. ते सुटे झाल्यावर फायरमनला काय शिकवायचं ते स्पष्ट झालं.

हायड्रोजनची गोष्टही त्यांनी अशीच निकालात काढली. तापलेल्या पत्र्यावर पाणी सोडून बॉयलरमधला वायू गोळा केला आणि तपासला. निघाली ती जवळपास साधी हवा. आणि दाब हळूहळू वाढला तर मोठा स्फोट होत नाही, या समजुतीसाठी त्यांनी एक लोखंडाचा आणि एक तांब्याचा सिलिंडर दगडखाणीत नेला, खाली आग लावली आणि दाब सावकाश चढवत नेला. दोन्ही प्रचंड जोराने फुटले. अचानक काही घडण्याची गरजच नव्हती. पत्र्याला सोसेल त्याहून जास्त दाब, एवढं एकच कारण पुरेसं होतं. हे सिद्ध झाल्यावर सगळं लक्ष जिथे जायला हवं होतं तिथे गेलं: पत्रा किती मजबूत आहे, जादा दाब झाला की वाफ सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे का आणि त्याच्या तरफेवर कुणी जादा वजन टांगलंय का.

पत्र्याच्या मजबुतीवर वॉल्टर जॉन्सन याच्या देखरेखीखाली वेगळी प्रयोगमाला झाली. तांबं जसं तापेल तसं कमजोर होत जातं, हे दिसलं. लोखंडाचं वागणं मात्र निराळं निघालं. सुमारे 550 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या 290 अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत, त्याची ताकद थोडी वाढते आणि त्यानंतर झपाट्याने घसरते. मटेरियलच्या पेपरात तुम्ही हा वक्र काढला असेल. तो आधी कुणीतरी पट्ट्या ओढून तोडून, एकेक बिंदू मिळवून काढला होता.

फ्युजिबल प्लगचा किस्सा तर सेमिनारमध्ये सांगाच. फ्रान्समध्ये बॉयलरला लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूची चकती लावणं कायद्याने बंधनकारक होतं. शिसं, कथील आणि बिस्मथ यांचं प्रमाण असं ठेवायचं की ठरलेल्या तापमानाला चकती वितळेल आणि वाफ निघून जाईल. कागदावर निर्दोष. बाशने पाहिलं की तापमान चढत जाताना मिश्रधातूतला लवकर पातळ होणारा भाग वाफेच्या दाबाने आधी पिळून बाहेर निघतो आणि मागे जे उरतं ते ठरल्यापेक्षा जास्त तापमानाला वितळतं. म्हणजे चकती जागेवर दिसते, पण तिचा आकडा बदललेला असतो. त्यावर त्याने सुचवलं की मिश्रधातू बंद नळीत ठेवा, वाफेचा दाब त्याच्यावर येऊच देऊ नका. वाफेचं फक्त तापमान तिथवर पोचलं पाहिजे. जुन्या लँकेशायर बॉयलरवर काम केलेल्या माणसाला हे वाचून बरंच काही आठवेल. भट्टीच्या माथ्यावरचा प्लग ठरावीक मुदतीत बदलायचाच, मग तो दिसायला कितीही चांगला असो, ही शिस्त आम्हाला कारण न सांगता शिकवली गेली होती.

समितीचे अहवाल 1836 आणि 1837 मध्ये छापून आले. त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं तुम्ही लिहू नका, कारण ते खरं नाही. संस्थेकडे पुरावा होता, हुकूम काढायचा अधिकार नव्हता. खासगी मालकाच्या बॉयलरमध्ये सरकारने डोकवावं का, यावरच त्या देशात वाद होता. एप्रिल 1838 मध्ये सिनसिनाटीला 'मोसेल' बोट फुटली, दीडशेच्या आसपास माणसं गेली, तेव्हा कुठे त्या वर्षी कायदा झाला. तोही इतका ढिला, की तपासणी करा म्हटलं पण कशी करायची, किती दाबाला करायची, हे सांगितलंच नाही. पक्का कायदा 1852 साली आला. कामाचा दाब चौरस इंचाला 110 पौंडांवर जाऊ द्यायचा नाही, दरवर्षी बॉयलर पाण्याने भरून दीडपट दाबाची टेस्ट, इंजिनिअरला लायसन्स आणि देखरेखीला नऊ वरिष्ठ निरीक्षक. अहवाल आणि हा कायदा यांत पंधरा वर्षं गेली, आणि त्या पंधरा वर्षांत बोटी फुटतच राहिल्या. मला याचा आजही राग येतो. उत्तर छापून तयार होतं.

आपल्याकडचा धागाही असाच जातो. 1863 मध्ये कोलकात्यात एक मोठा बॉयलर स्फोट झाला, माणसं मेली, आणि 1864 मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा पहिला कायदा झाला. पुढे प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे होत गेले आणि 1923 मध्ये सगळ्या देशाला एक बॉयलर कायदा मिळाला. हंगामाआधी इन्स्पेक्टर येतो, बॉयलर गच्च पाण्याने भरतो, हायड्रॉलिक टेस्टचा काटा चढत जातो आणि आपण सगळे टॉर्च घेऊन एकेक जोड, एकेक ट्यूबचं टोक पाहत फिरतो, त्या सकाळची ही वंशावळ आहे.

आता दुसरं काम, जे तुमच्या वर्कशॉपमध्ये रोज तुमच्या हातात असतं: आटे.

1864 च्या एप्रिलमध्ये याच संस्थेच्या सभेत तिचा अध्यक्ष विल्यम सेलर्स याने स्क्रूच्या आट्यांवर निबंध वाचला. स्वतः मशीन टूल बनवणारा कारखानदार. त्या वेळी अमेरिकेत प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एकाच्या बोल्टला दुसऱ्याचा नट लागत नसे, आणि अनेक मालकांना ते सोयीचं होतं, कारण गिऱ्हाइकाला सुट्या भागासाठी परत त्यांच्याच दारात यावं लागे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा करून, त्यांची सरासरी काढून 55 अंशांचा आटा ठरवला होता, माथा आणि तळ गोलाकार. सेलर्सचा आक्षेप कारागिराचा होता. 55 अंश मोजायला अवघड, ती गोलाई साधायला तीन तऱ्हेची हत्यारं आणि दोन तऱ्हेचे लेथ लागतात. त्याने 60 अंश सुचवले आणि माथा-तळ सपाट, त्या सपाटीची रुंदी पिचच्या, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधल्या अंतराच्या, एक अष्टमांश. समभुज त्रिकोणाचा कोन कुणालाही काढता येतो, आणि एक हत्यार व एक लेथ पुरतो. साध्या कारागिराला साध्या हत्याराने जमेल तोच आटा देशभर चालेल, हे त्याने ओळखलं.

संस्थेने समिती नेमून तो आटा तपासला, उचलून धरला, आणि 1868 मध्ये अमेरिकन नौदलाने तो स्वीकारला. पुढे रेल्वेवाले आले. आज तुम्ही वापरता त्या मेट्रिक आट्याचा कोन 60 अंशच आहे आणि माथ्याची सपाटी पिचच्या एक अष्टमांशच आहे. लेथवर हत्यार लावताना जो छोटा सेंटर गेज धरता, त्याची व्ही खाच मोजून बघा.

तुमच्या प्रश्नात आणखी एक शंका दडली आहे, की हे सगळं परदेशातलंच का. तसं नाही. मुंबईत 1847 मध्ये टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या यंत्रकाम करणाऱ्या मंडळींनी यांत्रिक नमुन्यांचं संग्रहालय आणि ग्रंथालय काढलं. तेच पुढे ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट झालं. काळा घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररीची पिवळ्या दगडाची इमारत तुम्ही बाहेरून नक्की पाहिली असेल, ती त्याच संस्थेची. आज तिथे शांतपणे वर्तमानपत्र वाचणारी माणसं दिसतात, पण तिची सुरुवात तेल-ग्रीसच्या हातांनी झाली आहे. मुंबईचे असाल तर एक दिवस तिथे जाऊन या आणि सेमिनारची पहिली स्लाइड त्या इमारतीचीच ठेवा.

शेवटी सादरीकरणाबद्दल. बॉयलरचा भाग फळ्यावर आकृती काढून सांगा: तीन कॉक, पाण्याची पातळी आणि मधला कॉक उघडल्यावर चढणारा फेस. आट्यांसाठी आकृती नको, वस्तू न्या. जुन्या हार्डवेअरच्या दुकानात चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा, व्हिटवर्थ नट मिळेल. अमेरिकन यंत्रातून निघालेला अर्ध्या इंचाचा यूएनसी बोल्ट (सेलर्सच्या आट्यातूनच पुढे आलेला अमेरिकन आटा) तुमच्या वर्कशॉप इन्स्ट्रक्टरांकडे किंवा भंगारवाल्याकडे असेल. पाव इंचापासून एक इंचापर्यंतच्या नेहमीच्या मापांत दोन्ही पद्धतींचे इंचामागचे आटे सारखे आहेत, फक्त अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे 12 आणि सेलर्सचे 13. नट-बोल्ट वर्गात फिरवा आणि प्रत्येकाला हाताने बसवून बघू द्या. पहिला वेढा छान जाईल, दुसऱ्याला जड लागेल, आणि मग तो अडकेल. पाना लावू देऊ नका, आटे जातील.